त्या सकाळी रंगनाथभाऊंनी फोन कापला नाही

ताडकळसपासून थोडं आत असलेल्या एका गावात पंडित नावाचे म्हातारे आपल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, एकटेच वारले. दोन दिवस कुणाला कळलंसुद्धा नाही. त्याच गावातल्या गौराबाईंच्या मनाला ते फार लागलं. त्या सदुसष्ट वर्षांच्या, बारा वर्षांपासून शुगर, गुडघे कायम सुजलेले. घरोघरी गोळ्या पोचवणाऱ्या आशा कार्यकर्ती निकिताला त्या म्हणाल्या, "गोळ्या तू आणून देतीस. पण माणूस जित्ता हाय का, हे रोज कोण बघायलाय?"

निकिताकडे दीडशे घरं होती. रोज प्रत्येक दारी जाणं तिला जमणारं नव्हतं.

मग गौराबाईंनीच मनावर घेतलं. एकट्या राहणाऱ्या सहा आजारी म्हाताऱ्यांचे नंबर त्यांनी मोबाइलात घालून घेतले. रोज सकाळी लिंगपूजा उरकली की एकेकाला फोन. गोळी घेतली का, पाय सुजलाय का, भाजी कशाची केली. पाचजण बोलायचे. आठवड्याभरात तर फोनची वाट बघू लागले.

सहावे रंगनाथ. आखाडा ओढ्यापलीकडं. बायको गेल्यापासून कुणाकडं जाणं-येणं नव्हतं. दोन वेळा इन्सुलिन घ्यायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मी काय लेकरू हाय का? मला फोन करू नका."

"मी करणार. बोलायचं नसंल तर कापा."

ते रोज कापायचे. गौराबाईंना तेवढं पुरे होतं. फोन कापलाय म्हणजे माणूस उठलाय.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी मात्र फोन वाजतच राहिला. गौराबाईंनी तीनदा लावून बघितला. शेजारचा बजरंग सोयाबीनच्या मळणीला निघाला होता, त्याला त्यांनी थांबवलं.

"झोपले असतील, काकू."

"तीन महिन्यांत एक दिवस चुकला न्हाई त्यांचा. गाडी काढ."

"आभाळ आलंय. सोयाबीन भिजंल."

"मला सोड अन् माघारी ये."

ओढ्याच्या पुढं काळ्या चिखलात मोटारसायकल रुतली. बजरंग चाक काढेपर्यंत गौराबाई काठी टेकत बांधावरून निघाल्यादेखील. गुडघ्यातून कळा येत होत्या. त्या थांबल्या नाहीत. शेवटी बजरंगच गाडी तशीच सोडून त्यांच्यामागं धावला.

रंगनाथ बाजेशेजारी जमिनीवर पडले होते. सदरा घामानं चिंब, बोलणं बरळल्यासारखं. बाजेवर इन्सुलिनचं पेन होतं आणि चूल गार. सुई घेतली, पण जेवले नाहीत, म्हणून शुगर एकदम उतरलीय, हे गौराबाईंनी ओळखलं. स्वतः त्यांच्यावरही ही वेळ दोनदा आली होती.

"रंगनाथभाऊ, गिळता येतंय का?"

त्यांनी मान हलवली. बजरंगनं त्यांना टेकवून बसवलं. गौराबाईंनी साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. बजरंगनं फोन लावल्यावर निकितानं सगळं समजून घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत ॲम्ब्युलन्स बोलावली.

पंधरा-वीस मिनिटांनी रंगनाथांच्या नजरेत ओळख आली. "तुमी हितं कशाला?"

"तुमी फोन कापला न्हाई म्हणून."

ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "एकट्यासाठी चूल पेटवू वाटत न्हाई, बाई."

दोन दिवसांनी ते दवाखान्यातून परतले, तोवर गौराबाईंनी सगळं ठरवून टाकलं होतं. दर सोमवारी सहाहीजणांनी महादेवाच्या देवळात यायचं. निकिता तिथंच शुगर-बीपी बघणार, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. बाकीच्या दिवशी बजरंगच्या घरून रंगनाथांना सकाळची भाकरी जाणार. रंगनाथ नको म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही.

पहिल्या सोमवारी ते खांबाला टेकून मुकाट जेवले. दुसऱ्या सोमवारी येताना शेतातली मेथी घेऊन आले. तिसऱ्या सोमवारी भाजी तिखट झाली म्हणून त्यांनी चारचौघांत वाद घातला, आणि सगळे हसले तसे तेही हसले.

त्याच दिवशी गौराबाईंनी निकिताकडं शेजारच्या वस्तीवरचे आणखी चार नंबर मागितले.

"आधी तुमच्या गुडघ्याचं बघू, काकू," निकिता म्हणाली.

"बघू की. तू नंबर सांग," म्हणत त्यांनी चष्मा लावला.