पहिला पेला

"हा रुमाल डोक्याला बांधायचा, हसत उभं राहायचं आणि पाहुण्यांना सरबत द्यायचं. एवढंच तर काम आहे, मावशी," हॉटेलचा मॅनेजर प्रेस्टन म्हणाला.

"मी कुणाची मावशी नाही. मिसेस लँड्री म्हणायचं," ओझेला म्हणाली. "आणि मी आज रजेवर आहे."

"होतात. हॉटेल फुल्ल झालंय. रजा रद्द."

ठिपक्यांचा लाल रुमाल त्याने काउंटरवर टाकला. गोऱ्यांच्या जुन्या जाहिरातींमधल्या काळ्या मोलकरणी बांधायच्या ना, अगदी तसला. निर्लज्जपणाला काही सीमा असते म्हणतात, पण या मॅनेजरला ती कुणी दाखवली नसावी.

काळ्यांची गुलामी संपल्याचा हा दिवस ओझेलाच्या घरात खापरपणजीपासून पाळला जायचा. सरकारला त्याचा पत्ताही नव्हता, तेव्हा जुना मॅनेजर कुरकुरत का होईना, तिला सोडायचा. मग सरकारला जाग आली, कॅलेंडरवर लाल खूण उमटली, आणि तेव्हापासून गॅल्व्हस्टन बेटाचा समुद्रकिनारा पाहुण्यांनी फुलू लागला. सुट्टी मिळाली ती ऑफिसातल्या खुर्च्यांना. स्वयंपाकघराच्या वाट्याला दुप्पट काम आलं.

खिशातला फोन वाजला. भाची होती, शनील.

"आत्या, आहेस कुठं? आम्ही कधीचे आलोय कबरस्तानात. ऊन नुसतं भाजून काढतंय, पोरं पाणी पाणी करतायत."

"पाजलं नाहीस ना काही?"

"वेडी आहेस का? तू ओतल्याशिवाय कोण पिणार?"

ओझेलाच्या माहेरी रीतच होती तशी. घरातल्या सर्वांत थोरल्याने लाल सरबताचा पहिला पेला जमिनीवर ओतायचा, गेलेल्यांची नावं घ्यायची; तोवर कुणाच्या ओठाला थेंब लागायचा नाही. इतकी वर्षं हे तिचा भाऊ एमोस करत आला. हिवाळ्यात एमोस गेला. आता थोरली तीच.

"दोन तास सोडा मला," ती प्रेस्टनला म्हणाली. 

"जा की. पण परत येऊ नका."

नवऱ्याचं डायलिसिस याच नोकरीच्या विम्यावर चालत होतं. प्रेस्टनला ते ठाऊक होतं. दाबलं होतं मेल्याने बरोबर नाक.

ओझेला लॉबीत जाऊन उभी राहिली. डोकं उघडंच. टेबलावर तिनेच पहाटे उकळलेलं जास्वंदीचं लाल सरबत होतं, वर 'स्वातंत्र्याचा गोडवा' अशी पाटी. टोप्या घातलेले पाहुणे पेल्यांसाठी हात पुढे करू लागले.

"थांबा," ती म्हणाली. "पहिला तुमचा नाही."

तिने पेला भरला, टेबलापुढे आली आणि पांढऱ्याशुभ्र फरशीवर सावकाश ओतला. फरशीखाली शेवटी याच बेटाची वाळू होती. "टेंपी," ती मोठ्याने म्हणाली. "आयझॅक. लुवेनिया." मग पेल्यातला शेवटचा थेंब ओतला. "एमोस."

 एका बाईने पांढरे बूट मागे ओढले.

"डोकं फिरलंय का?" प्रेस्टन धावत आला. "क्लीटस! पुस हे आधी!"

फरशी पुसणारा म्हातारा क्लीटस फडकं घेऊन खांबापाशीच उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली. "वाळू दे साहेब," तो म्हणाला. "वाळल्यावर बघू."

"तुम्हाला कामावरून काढतो मी! आत्ताच्या आत्ता!" प्रेस्टन ओझेलाच्या अंगावर ओरडला.

"काढा ना. काढल्याचं पत्र ऑफिसातून आणा." ती जागची हलली नाही. "ऑफिस बंद आहे आज. सुट्टी आहे ना आमची! उद्या काढा. आज मी माझ्या जागेवर उभी आहे."

 उद्या तो काढणार, हे तिला पक्कं माहीत होतं. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, हे मात्र अजून सुचत नव्हतं.

तिने फोन कानाला लावला.

"शनील, ओतला गं मी. चौघांचीही नावं घेतली. पाज पोरांना."

"कुठं ओतलास, आत्या?"

"जिथं उभी होते तिथंच. प्या तुम्ही."

पलीकडून घोटांचे आवाज येऊ लागले. सगळे पीत होते.