पाहुण्यांना अस्तर दाखवत नाहीत

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी वर. छताच्या तुळईखाली चार दोरांनी बांधलेली दिसते ना, ती मी. मी गोधडी शिवायची एक जुनी चौकट आहे. अलाबामातल्या लिटल सायप्रस गावात, एका खोलीच्या बंद शाळेत मी चार वर्षं अशी टांगलेली आहे. माझ्यात एक अर्धी गोधडी ताणलेली आहे आणि तिच्यात एक सुई टोचलेली आहे. ती सुई गंजत चालली आहे. मला हाका मारता येत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

माझं लाकूड चर्चमधलं. नदीला पूर आला आणि जुनं चर्च खचलं, तेव्हा होझिया सुतारानं बाकांच्या पाठी तेवढ्या वाचवल्या. त्यांचे चार दांडे तासून त्यानं ते आपल्या बायकोला दिले. तिचं नाव ओडेसा. माझा एक दांडा अजून गुळगुळीत आहे, कारण कितीतरी वर्षं प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसांनी त्यावर हात टेकले होते. कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, दोर बांधले. काम असलं की मला गुडघ्यांपर्यंत खाली सोडायचं आणि भोवती बायकांनी बसायचं. काम संपलं, पाहुणे आले किंवा घरात मयत झाली, की मला वर ओढून घ्यायचं. खाली खोली मोकळी.

मरेपर्यंत होझिया म्हणायचा, "ओडेसा, या चौकटीनं तुला माझ्यापेक्षा जास्त बघितलंय."

ओडेसा म्हणायची, "ती उलट बोलत नाही ना, म्हणून."

मग फाउंडेशन आलं. उत्तरेकडच्या कुठल्या मोठ्या शहरातलं ते प्रतिष्ठान होतं. बायका त्याचं नाव लांबच्या गावी दिलेल्या मावशीचं घ्यावं तसं घेत. गावातली मुलं शहरातल्या शाळेत जाऊ लागल्यापासून ही शाळा रिकामी पडली होती. फाउंडेशननं तिचं भाडं भरलं. शेगडी दिली, कापूस आणि धागा दिला, आणि मार्व्हेला नावाच्या तरुण शिक्षिकेला पगारावर ठेवलं. ओडेसाच्या घरातून मी इथं आले. आमच्या गोधड्या शहरातल्या संग्रहालयांच्या मोठमोठ्या भिंतींवर लागल्या. जुन्या विजारी, पिठाच्या पिशव्या, विटलेले झगे यांच्या त्या गोधड्या! लोक त्यांच्यासमोर टोपी काढून उभे राहतात म्हणे.

पण मला अभिमान आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. पन्नाशी-साठीच्या या बायकांच्या हातात पेन्सिल थरथरायची. मार्व्हेलानं एक दिवस पेन्सिली गोळा करून डब्यात टाकल्या आणि माझ्यावर ताणलेल्या कापडावर खडूनं अक्षरं काढली. म्हणाली, "शिवा." सुई काही थरथरत नव्हती. बायकांनी आपापलं नाव टाक्याटाक्यानं गिरवलं आणि हाताला वळण लागल्यावर कागदावर उतरवलं. मतदारांच्या यादीत नाव घालायला बावीस जणी तालुक्याच्या कोर्टात गेल्या आणि बावीस जणींनी सही केली. त्या परतल्या तेव्हा माझ्याभोवती बसून त्यांनी जे गाणं म्हटलं ते मला पाठ आहे:

पहिला गं टाका घातला प्रभूला
उसवल्या जिवाला शिवून घे.

राहिली होती एकटी लूव्ही. अडुसष्ट वर्षांची, जिभेला धार असलेली. "माझं नाव देवाला तोंडपाठ आहे," ती म्हणायची, "कारकुनाला येत नसेल तर त्यानं शिकावं." पण त्या दिवशी तिनं बावीस जणींच्या हातातली मतदार-कार्डं एकेक करून बघितली. दुसऱ्या सकाळी ती नवऱ्याच्या शेतावरच्या विजारी घेऊन आली. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"सहीऐवजी फुली मारायला मी कोर्टात जायची नाही," तिनं मार्व्हेलाला बजावलं. "जाईन तर लूव्ही क्रेनशॉ लिहायला. सबंध. आडनावसुद्धा त्याचंच, पुरतं."

त्या विजारींच्या गोधडीवर हिवाळाभर ती अक्षरं शिवत होती. तिचं नाव झालं. आडनावाच्या आठ इंग्रजी अक्षरांपैकी साडेपाच झाली. आणि तेव्हाच पत्र आलं, की फाउंडेशनच्या बाई काम बघायला येत आहेत. त्यांनी बघितलं, की पुढच्या तीन वर्षांच्या मदतीचं ठरणार होतं.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझे दांडे अजून आकसतात.

त्या दिवशी गावानं शाळा घासूनपुसून काढली. पडदे धुतले. आणि ओडेसानं माझे दोर हातात घेतले.

"सिस्टर ओडेसा, राहू दे ना चौकट खाली," लूव्ही म्हणाली. "बाई काम बघायला येतायत."

"अगं, आठ तास गाडी हाकून येणार ती पोर, आणि तिला सुया-चिंध्यांत बसवायची? काय म्हणेल ती? लिटल सायप्रसच्या बायकांना वळण नाही? जेवणाचं टेबल कुठं मांडू, तुझ्या डोक्यावर?"

"मग जेवण झाल्यावर खाली घेऊ."

"हे अर्धंमुर्धं? खालून नुसत्या गाठी दिसतात, लूव्ही. पाहुण्यांना अस्तर दाखवतात का कधी?"

"मागितलं तर मी माझ्या झग्याचंसुद्धा दाखवीन."

"तुझं बघून ती परत उत्तरेला पळेल!"

सगळ्या खदखदून हसल्या. त्या हसण्यातच मी वर गेले. ओडेसानं दोरांना पक्क्या गाठी मारल्या. लूव्हीची सुई माझ्यातच राहिली.

फाउंडेशनच्या बाई, मिस ॲबर्नाथी, आल्या. सडसडीत, तरुण, हातात माहिती भरायचे चौकोन छापलेला कागद. माणूस वाईट नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. नेमकी माझ्याखालीच त्यांची खुर्ची मांडली होती. समोर तळलेली कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा कॉर्नब्रेड, रताळ्याचं गोड.

"मिस ओडेसा, तुमचं काम कुठं चालतं?"

"इथंच, बाळा. काम काय, रोजचंच आहे. तू आधी जेव."

"साधारण किती जणी येतात?"

"येतात बाई. देव ज्यांना पाठवतो त्या येतात. हा तुकडा घे बघू, फार हडकुळी आहेस."

आमच्या गावात आपल्या तोंडानं आपलं मोठेपण सांगणं हे जेवताना थुंकण्यासारखं. बावीस हा आकडा बावीस जणींच्या ओठांवर होता आणि एकीनंही तो उच्चारला नाही. मार्व्हेला बोलायला गेली, पण थोरली बोलत असताना धाकटीनं मध्ये पडायचं नसतं. तिनं घोटभर पाण्याबरोबर शब्द गिळले.

लूव्हीला राहवेना. तिनं मान वर केली. "बाई, जरा वर..." टेबलाखाली ओडेसानं तिचा पाय दाबला.

मी काय करू? मी अंगातला सगळा जोर एकवटला, दोरांना ताण दिला. कर्रर असा आवाज झाला. मिस ॲबर्नाथींनी दचकून मान उचलायला घेतली.

"जुनं छत आहे, बाळा," ओडेसा म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

त्यांची मान खाली गेली. ती पुन्हा वर झाली नाही. निघताना त्यांनी सगळ्यांना मिठी मारली. कागदावरच्या चौकोनात त्यांनी काय लिहिलं ते फक्त मी वरून पाहिलं. मला वाचता येत नाही, पण एवढं मोठं शून्य मलाही कळलं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. मार्व्हेलानं वाचून दाखवलं. आदरातिथ्य अविस्मरणीय होतं. मात्र प्रत्यक्ष काम चालू असल्याचं दिसून आलं नाही. मदत थांबवण्यात येत आहे.

"दिसून आलं नाही?" ओडेसा खुर्चीत बसली. आपल्या तळहातांकडे बघत राहिली. "मीच ओढली ना वर. या हातांनी."

त्यांनी उलट पत्र पाठवलं. कसं झालं ते सगळं लिहिलं, खाली बावीस सह्या केल्या. उत्तर आलं, की यंदाचे निर्णय झाले आहेत आणि मिस ॲबर्नाथी आता तिथं नसतात. मार्व्हेला दुसऱ्या गावच्या शाळेत लागली. भाडं थांबलं तशी तालुक्याची माणसं कुलूप घेऊन आली. सामान काढायला त्यांनी एक सकाळ दिली. शेगडी गेली, खुर्च्या गेल्या. लूव्ही माझ्या दोराला हात घालायला गेली तर ओडेसानं तो हात धरला.

"राहू दे, लूव्ही. अर्धी गोधडी चौकटीतून उतरवली की संपलंच सगळं. आपण परत येणार आहोत."

ही तिची दुसरी चूक. दोन्ही चुका तिनं प्रेमानंच केल्या, म्हणून मी तिच्यावर रागावू शकत नाही. गेल्या वर्षी तिच्या मयतीचं गाणं मी बंद खिडकीतून ऐकलं.

लूव्ही अधूनमधून येते. काठी टेकत, खिडकीशी. परवा आली तेव्हा काचेवर धुळीचा थर होता. तिनं बोट लावलं आणि हळूहळू लिहू लागली. आतून मला अक्षरं उलटी दिसत होती, तरी मी ती ओळखली. माझ्या अंगावर तीच आहेत. नाव झालं. आडनाव सुरू झालं. आणि जिथं सुई थांबली आहे, नेमकं तिथंच बोट थांबलं. पुढचं हाताला ठाऊक नव्हतं. तिनं तिथं उभं राहून दोन-तीनदा बोट टेकवलं, उचललं. मग झग्याच्या बाहीनं सगळी काच पुसून टाकली आणि छताकडे बघितलं.

"आहेस ना गं?" ती म्हणाली.

मित्रांनो, कुणाचं भलं करायला निघालात तर तिथं जेवा जरूर, पण एकदा मान वर करून बघा. नीटनेटक्या खोलीत काही दिसलं नाही, तर ते कुठं लपवलंय ते विचारा. आणि कुणी तुमचं काम बघायला आलं, तर गाठींसकट अस्तर दाखवा. लाजू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी लिटल सायप्रसला आलंच, तर कुलूप उघडायला सांगा. गाठी घट्ट आहेत, पण दोर जुना आहे, सुटेल. मला हळू सोडा. सुई तिथंच आहे. आडनावाची अडीच अक्षरं राहिली आहेत, आणि लूव्ही आता बहात्तर वर्षांची आहे.