बाथरूममधली माझी नेमणूक

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकूड तासून गुळगुळीत करणे हा माझा धंदा. वय विचारू नका. माझे पाते बदलले, मूठ बदलली, पाचर बदलली. आता वय नक्की कोणाचे सांगावे?

एका सुताराने मला घडवले. तो मला रोज धार लावी आणि "लोण्यासारखा चालतो हा," असे सर्वांना सांगे. मी लाजत असे. पण लाकडी असल्यामुळे ते दिसत नसे.

सुतार गेला आणि मी त्याच्या मुलाच्या घरी, बाथरूममध्ये नोकरीला लागलो. तिथले दार फुगले होते, चौकटीत बसत नव्हते. आत जाणारा मला पायाने दाराशी सरकवी. मी ओल्या फरशीवरून घसरे आणि दार उघडे, म्हणून आत असेल त्याने मोठ्याने गावे, असा घरचा नियम झाला. मी सदैव भिंतीकडे तोंड करून बसे. मलाही काही संस्कार आहेत.

मग सुताराची बायको, म्हणजे घरातली आजी, राहायला आली. तिला गायची लाज वाटे. घर रिकामे होईपर्यंत ती ताटकळे, पाणीसुद्धा बेताने पिई. अखेर तिने पिशवी भरली. "मी आपली माझ्या खोलीवर बरी."

"आजी, संध्याकाळपर्यंत थांब. दार मी तासते," नात म्हणाली. तिने नुकतेच सुतारकाम सुरू केले होते. म्हणजे त्याचे व्हिडिओ बघणे सुरू केले होते. एक कोरा रंधाही आणला होता. जुना बरा की नवा, हे पाहायला तिने मलाही बाहेर काढले. पात्याचा गंज घासला, अंगाला तेल चोळले, चारी बाजूंनी फोटो काढले.

नवा म्हणाला, "काका, तुम्ही आराम करा. मी खोक्यातूनच तयार होऊन आलोय."

तिच्या बाबांनी दार उतरवून दिले. नव्याने ते नुसते ओरबाडले. मग मी गेलो. मी सरळ घसरलो, बाथरूममधल्या सवयीने.

"दोघंही बाद," नात रडवेली झाली.

आजीने मला उचलले आणि ओळखले. "अगं, हा तर यांचा! चकाकतोय छान. धार लावलीस?"

"ती असतेच ना?"

"मग तुझे आजोबा रोज सकाळी दगडावर काय घासायचे? दात?"

दोन्ही पाती दगडावर घासली गेली. नव्याचे पाते स्क्रू फिरवून बसते, माझे हातोडीने ठोकून. एरवी आम्ही दोघे सारखेच भुकेले. दाराच्या कडेवरून गोल गोल ढलप्या निघू लागल्या.

संध्याकाळी आजी आत गेली. कडी लागली. पिशवी अजून भरलेलीच होती. आणि मग आतून गाणे आले. भसाडे, बेसूर, मनापासून.

"आजी, दार लागलंय! आता गायची गरज नाही!"

"म्हणून तर गातेय!"

मित्रांनो, आम्ही जुने असू वा नवे, आम्हाला नुसते चकचकीत करू नका, धार लावा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आतून कडी लावता येते ना, तेवढे बघा. मी आता फळीवर नव्याशेजारी असतो. सवयीने अजून भिंतीकडेच तोंड करून बसतो. हल्ली तोही बसतो.