सुशिलाबाईंच्या पुस्तकाची सोयरीक

छापखान्याचा मालक लेखकाला पाहिलं की तोंड फिरवतो, असा लोकांचा समज आहे. तो साफ खोटा आहे. गोंदियात माझा छापखाना होता तेव्हा मी लेखकाची वाट बघत बसायचो. बिडीच्या बंडलांची लेबलं, लग्नपत्रिका आणि राइस मिलच्या पावत्या छापून छापून माणसाचा जीव विटतो हो! कोणीतरी चांगली गोष्ट घेऊन यावं, आपल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांचं सोनं व्हावं, असं मलाही वाटायचं.

पण येणारे लेखक येत कसे? एक तहसीलदाराची चिठ्ठी घेऊन येई, दुसरा पेढ्यांचा पुडा. तिसरा म्हणे, माझ्या मित्रांना फार आवडलं. अरे बाबा, तुझ्या मित्रांना नाही आवडणार तर कोणाला? कागदाच्या दोन्ही बाजूंनी बारीक लिहून आणणारे तर किती आले. असे कागद हातात पडले की खिळे जुळवणारा माझा कंपोझिटर श्यामलाल कपाळाला हात लावायचा. "मालिक, ये किताब मेरी आँखें लेके जाएगी," असं म्हणून तो चहा प्यायला निघून जायचा. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचो, की एका बाजूला लिहा, समास सोडा, पानांवर आकडे घाला आणि एकटे या. पहिल्या तीन गोष्टी लोक ऐकायचे. एकटं मात्र कोणी येत नसे.

त्यातही दवनीवाड्याच्या उदाराम पटेलांनी कहर केला.

सन छत्तीसचा माघ महिना होता. धान घरात आलेलं, हात मोकळे आणि गावोगाव सोयरिकी जमवायचे दिवस. सकाळीच माझ्या छापखान्याच्या आवारात दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. पहिल्या गाडीतून पांढरीशुभ्र पागोटी बांधलेले चार म्हातारे उतरले. पुढे खुद्द उदाराम पटेल, गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या बाजूला छोटेलाल, पंचक्रोशीतली निम्मी लग्नं जमवणारा गृहस्थ. मागच्या दोघांनी सबंध दिवसात बोलण्याऐवजी फक्त माना हलवल्या, म्हणून त्यांची नावं मी विचारली नाहीत. छोटेलालने टेबलावर आधी नारळ ठेवला आणि मग कोऱ्या धोतरात गुंडाळलेलं एक बाड.

"केशोरावजी, आमचं पुस्तक तुमच्या इथं द्याचं म्हणतो," तो म्हणाला. "चौकशी केली आम्ही. मशीन चांगली आहे म्हनतात. माणूस रागीट आहे, पन फसवत नाई."

"आभारी आहे," मी म्हणालो. "पुस्तक कशाबद्दल आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घरंदाज पुस्तक आहे जी," छोटेलाल म्हणाला.

"ते ठीक. तुमच्यापैकी कोणी वाचलं का?"

"वाचायले कायले पायजे? घर पाहा ना! पटेलाच्या सुनेनं लिवलं. चौथी पास आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मंडळी माझ्याकडे स्थळ घेऊन आली होती. पुस्तक ही मुलगी, छापखाना हा नवरा, आणि सोयरीक जमवायला मध्यस्थ हवा म्हणून छोटेलाल. आपल्याच वस्तूबद्दल आपण बोलणं त्यांच्या हिशेबी उथळपणा होता. मला हसूही आलं आणि रागही आला. मी बाड सोडलं.

अक्षर सुरेख, एका बाजूला लिहिलेलं, समास सोडलेला. श्यामलालने डोकावून पाहिलं आणि चहा प्यायला गेला नाही. पण पहिलं पान वाचलं आणि मी थंड पडलो. त्यात छोटेलालच्या परोपकारी स्वभावाची स्तुती होती. पुढे दुसऱ्या म्हाताऱ्याच्या आमराईचं वर्णन, मग तिसऱ्याच्या बैलजोडीचं, मग उदाराम पटेलांच्या दानधर्माचं. चांगली बोटभर जाडीची स्तुती. कंटाळून मी मधलंच एक पान उघडलं आणि खुर्चीत सरळ झालो. तिथे चमेली नावाची एक नवी सून सासूशी बोलत होती, आणि असं बोलत होती की मला त्या दोघी समोर दिसायला लागल्या.

"लेखिका कुठे आहे?" मी विचारलं.

"मागच्या गाडीत," उदाराम म्हणाले. "तिचं काय काम? आम्ही आहो ना."

"पटेल, मी लग्न लावत नाही, पुस्तक छापतो. बाईंशी बोलल्याशिवाय एक खिळा जुळवणार नाही."

आवारात बरीच कुजबुज झाली. शेवटी डोक्यावर पदर घेतलेली पंचविशीची एक बाई, म्हणजे सुशिलाबाई, आत आली आणि कागदाच्या रिमांवर अंग चोरून बसली. मी विचारलं, "हे केव्हा लिहिलंत?" छोटेलाल म्हणाला, "दोन साल झाले." मी विचारलं, "चमेली कशी सुचली?" उदाराम म्हणाले, "तिचं डोकंच तसं आहे." तिसऱ्या प्रश्नाला मागच्या दोघांनी माना हलवल्या तेव्हा माझा तोल गेला. "श्यामलाल, मंडळींना मशीन दाखव. पार खिळ्यापासून पायाच्या दांडीपर्यंत दाखव!"

म्हातारे बाहेर गेले. दार उघडंच होतं. पायाने चालवायच्या मशीनची खडखड सुरू झाली, तशी सुशिलाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"समोरच्या पानांवरचं ते माझं नाही जी."

"मग कोणाचं?"

"लिवलं मीच. पन पुस्तक घेऊन गोंदियाले याचं, तर चार माणसं पायजेत. जो येतो म्हणाला त्याले वाटलं, आपलंबी दोन पानं पायजे. मामाजींनी मागितलं नाही. पन सगळ्यांचं लिवलं आन् सासऱ्याचं नाही लिवलं तर कसं दिसन?"

मला हसू आवरेना. मग मी माझं रोजचं पुराण लावलं, पण त्या दिवशी मनापासून. म्हणालो, "बाई, गोंदिया जंक्शनच्या फलाटावर मी छापलेली पुस्तकं विकायला असतात. गाडी येईपर्यंत प्रवासी पुस्तक उचलतो आणि उभ्याउभ्या पहिलं पान वाचतो. त्याला तुमचे छोटेलाल माहीत नाहीत आणि बैलजोडीही माहीत नाही. त्याला तिथेच चमेली भेटली पाहिजे. नाही भेटली तर तो पुस्तक ठेवून देतो आणि पान खातो. तुमच्या चमेलीची भाषा उत्तम आहे, तिला धक्का लावू नका. मधे ती पत्रं लिहिते ती मात्र जड झालीत. मोठ्याने वाचून पाहा. जिथे तुमचीच जीभ अडखळेल तिथे कात्री लावा. आणि पुढची बोटभर पानं काढून टाका. तेवढं केलंत तर हे पुस्तक मी छापतो. नाही तर नाही."

त्यांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच उतरला.

"पत्रं आजच दुरुस्त करते. चूक दाखवली ते बरं झालं, आजवर सगळे चांगलंच म्हणत आले. पन समोरची पानं काढाचं तुम्हीच सांगा ना त्यांले."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो. "काय कापायचं ते मी सांगतो. कापायची हिंमत लेखकाची. आज मी सांगितलं, उद्या दुसरं कोणी सांगेल की चमेलीला मारून टाका, तेव्हा काय कराल?"

"ते रागावून घरी घेऊन गेले तर मले पुन्हा कोनी गोंदियाले आणनार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन साल चुलीसमोर बसून लिवलं जी मी."

खरं सांगतो, माझं मन विरघळलं. क्षणभर वाटलं, छापून टाकावं जसंच्या तसं. पण तसं छापलं असतं तर ते पुस्तक फलाटावर धूळ खात पडलं असतं, आणि या बाईंनी पुन्हा लेखणी उचलली नसती. मी बाड त्यांच्यापुढे सरकवलं. त्या उठल्या, सगळं बाड छातीशी धरलं आणि आवारात गेल्या. मीही मागोमाग गेलो.

म्हातारे कडुनिंबाखाली बसले होते. सुशिलाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "काय लिवलं ते मी वाचून दाखवते. मग तुम्ही सांगा," असं म्हणून त्यांनी छोटेलालची स्तुती वाचायला घेतली. छोटेलाल फुलून गेला, बाकीचे जांभया देऊ लागले. मग आमराई आली, तेव्हा छोटेलाल उठून पान थुंकायला गेला. बैलजोडीच्या पानावर तर ज्याचे बैल होते तोसुद्धा डुलक्या घ्यायला लागला. उदाराम पटेलांची पाळी आली तेव्हा ते अस्वस्थ झाले.

"हे माझंच आहे? मी एवढा चांगला कव्हापासून झालो?"

सुशिलाबाईंनी ती पानं खाली ठेवली आणि पुढचं वाचायला सुरुवात केली. "चमेली त्या घरात येण्याआधी तीन सुना तिथून पळून गेल्या होत्या, आणि का पळाल्या ते घरातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं."

छोटेलाल पुन्हा पान थुंकायला उठला होता तो अर्ध्यावरूनच परतला. उदारामांच्या कपाळावर आठी पडली.

"हे आपल्या घरचं त नाई?"

"आपल्या घरून कोनी पळालं का मामाजी?"

"नाई बा."

"मग?" म्हणून त्या पुढे वाचू लागल्या. आवाज आधी कापत होता, मग सुटा झाला. सासू कोठीची किल्ली कमरेला लावून झोपते, सासरा बहिरेपणाचं सोंग करतो, आणि चमेली पहिल्याच आठवड्यात त्याचं सोंग ओळखते. म्हातारे मांड्या थोपटून हसत होते. मशीनची खडखड थांबली, कारण मशीनवरचा माणूसही दारात येऊन उभा राहिला. माझ्या लग्नपत्रिका अर्धवट पडल्या होत्या आणि मला त्यांची अजिबात फिकीर वाटत नव्हती. अशा गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं लेबलं छापली होती.

एका सकाळी चमेलीला कोठीचं दार उघडं दिसतं, ती आत पाऊल टाकते, आणि तिथे सुशिलाबाई थांबल्या.

"पुढं? चौथीबी पळाली का?" छोटेलालने विचारलं.

"पुढं आहे. पन त्याच्या आधी तुमची सगळ्यांची पानं आहेत. लोक ते वाचून इथवर पोचनार नाहीत, असं केशोरावजी म्हनतात." त्यांनी खाली ठेवलेल्या पानांकडे बोट दाखवलं. "मलेबी तसंच वाटते. ते पानं मले काढाची आहेत."

छोटेलालचा चेहरा लाल झाला.

"मग आम्ही आलो कायले? तोंड पाहायले?"

सुशिलाबाई मागे सरल्या नाहीत. मी दातओठ खात उभा होतो. उदाराम पटेलांनी खाली ठेवलेली पानं उचलली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ ते पाहत राहिले.

"यातलं माझं कोनतं?" त्यांनी विचारलं. सुनेने दाखवलं. "हे काढ," ते म्हणाले. "आन् छोटेलालचंबी काढ. त्याची स्तुती त्याच्याच तोंडून आम्ही रोज ऐकून राहिलो."

मागचे दोघे इतके हसले की छोटेलाललाही हसावं लागलं. "वाच बाई, पुढचं वाच," तो म्हणाला, "पन त्या किल्लीचं काय झालं ते आधी सांग."

दुपार कलेपर्यंत वाचन चाललं. चमेली पळाली नाही. शेवटी कमरेची किल्ली आपणहून काढून सासूनेच ती तिच्या हातात दिली, तेव्हा उदारामांनी उपरण्याने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. मी जाहीर केलं, "पुस्तक छापतो." नारळ फोडला. खोबरं खाता खाता छोटेलाल पुन्हा मध्यस्थाच्या थाटात आला.

"आता नावाचं ठरवा. टिकारामचं टाका. नवरा आहे, शाळेत मास्तर आहे, शोभून दिसन."

मी सवयीने उदारामांकडे पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला. उदारामांनी सुनेकडे मान वळवली. सगळे तिकडेच बघायला लागले.

"माझं," सुशिलाबाई म्हणाल्या. "सुशिलाबाई. लिवलं मी आहे."

"मोठ्या अक्षरात टाका जी," उदाराम मला म्हणाले. "मले वाचता येत नाई, पन लांबून दिसलं पायजे."

मी श्यामलालला दुकानातले सगळ्यात मोठे खिळे काढायला सांगितलं. ते आम्ही सर्कशीच्या जाहिरातींना वापरायचो. एवढ्याशा पुस्तकाच्या अंगाला ते फारच मोठे होते, पण मी तेच लावले.