जाहिरातीची शेवटची ओळ

जाहिरातीचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवून त्यांच्याभोवती दोरा आवळला, की जाहिरातीतला ऐवज आमच्या छापखान्यात येऊन उभा राहतो. घोडा हरवल्याची जाहिरात असेल तर घोडा येतो. मद्याची असेल तर पिंप येतं आणि आमचे फोरमन मिंगेलबाब त्याला लगेच तोटी बसवतात. एकदा विलायती पियानो आला, तो जिन्यातच अडकला. गिऱ्हाईक मिळेपर्यंत आम्ही त्याच्यावरून चढउतार करत होतो.

मला इंग्रजी येत नाही. फोर्टातलं इंग्रजी वर्तमानपत्र जुळवायला ते यावंच लागतं असं काही नाही. कागदावर जो आकार दिसेल, तोच खिळा खणातून उचलायचा आणि ओळीत लावायचा. त्यामुळे आपण काय जुळवलं हे मला समोर कोण येतं त्यावरूनच कळतं. दोरा आवळून मागे वळून बघायची मला भारी हौस. आमची आई म्हणायची, "धर्मा, तू सरणावर उठून बसशील आणि विचारशील, लाकडं कुठल्या वखारीतली?"

मंगळवारी वळून पाहिलं तर एक हबशी बाई उभी होती. निळं लुगडं, डाव्या भुवईवर व्रण, हातात गाठोडं. पळालेल्या गुलामांच्या जाहिरातीतली माणसं मी गाठोड्यावरून ओळखतो. त्या जाहिरातींवर बसवायला आमच्याकडे एकच लाकडी ठसा आहे, गाठोडं घेऊन धावणाऱ्या माणसाचा. बाप्या असो, बाई असो, म्हातारा असो, ठसा तोच. त्याचं नाक झिजून कधीच गेलंय.

"हे माझं न्हाय," गाठोडं पुढे करत ती म्हणाली. "मी रिकाम्या हातानं निघालेय."

"उघडून बघ की."

"उघडत न्हाय."

मी वाजवून पाहिलं. भरीव लाकूड होतं. तरी आत काय असेल, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

तिचं नाव मर्जान. माझगावच्या एका व्यापाऱ्याच्या घरून ती पळाली होती. राजपुरीला तिची बहीण खलाशांसाठी भात रांधायची आणि शुक्रवारी मांडवी बंदरातून तिकडे मचवा सुटणार होता. निळं लुगडं तिनं कधीच एका भिकारणीला देऊन टाकलं होतं. लाल नेसून ती मचवेवाल्याच्या झोपडीत लपली होती.

"तुम्ही कायतरी आवळलंत, भाऊ," ती म्हणाली. "लाल गेलं, निळं आलं, आणि मी हितं."

"मग जा ना. दार उघडं आहे."

ती गेली आणि थोड्याच वेळात परत आली. मांडवीचा रस्ता तिला माझगावात घेऊन गेला होता, थेट मालकाच्या फाटकाशी. तिथून पळून ती दुसऱ्या गल्लीत शिरली, तर तीही त्याच फाटकाशी निघाली. फक्त छापखान्याकडे येणारी वाट तेवढी सरळ होती.

बुधवारी अंक निघाला. साहेबलोक ओसऱ्यांवर बसून तो वाचू लागले, आणि आमची खोली दोन्ही बाजूंनी आत सरकली. मिंगेलबाबांनी आपलं टेबल आडवं होतं ते उभं करून घेतलं.

"किती दिवस छापायची ही?" मी विचारलं.

"ही उभी जाहिरात. बाई सापडेस्तवर दर अंकात. दोरा सोडायचा नाही."

"आणि सापडलीच नाही तर?"

"सापडतात रे. वाचणारे पुष्कळ." त्यांनी पिंपातून पेलाभर घेतली. "छापखाना जाहिरातींवर चालतो, धर्मा. बातम्या काय, फुकट येतात."

गुरुवारी मर्जानच्या मालकानं तिच्या ओळखीची आणखी एक ओळ वाढवून पाठवली. ती मी जुळवली, आणि मर्जान तोंडावर हात धरून हसली. तिला हसू आलेलं नव्हतं. डोळे घाबरलेले, आणि हात मात्र लाजून तोंडावर.

"हे काढा," ती हसत हसत म्हणाली. "भाऊ, पाया पडते, हे काढा."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर कुतूहलही वाटलं. ती ओळ काढली तर काय होईल? मी आधी एकेका ओळीवर बोट दाबून पाहिलं. पहिलीवर दाबलं तशी तिची भुवई दुखली. दुसरीवर दाबलं तसा लुगड्याचा पदर आवळला. मग हसण्याच्या ओळीतला एक खिळा मी चिमट्यानं उपसला. मर्जानच्या करंगळीचं नख नाहीसं झालं. नखाच्या जागी बारीकशी, चौकोनी पोकळी दिसत होती. मी घाईघाईनं खिळा परत बसवला. नख परत आलं, पण ते शिशाच्या रंगाचं होतं.

"सगळी जाहिरात मोडलीत तर?" तिनं विचारलं.

"तर तू या खणांत जाशील. तुझे तुकडे मी उद्या पिंपाच्या जाहिरातीत लावीन."

मग मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तिचे पाय टाचांवर गरकन फिरून माझगावाकडे वळले. बोट काढलं, पाय परत आले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा पाय वळले. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो.

"ही तुझ्या अंगाची नाही," मी म्हणालो. "ही रस्त्याची आहे."

मी ती ओळ सबंध उचलली. मर्जाननं अंग चाचपून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं आणि मांडवीचा रस्ता मांडवीलाच जात होता. टोकाला डोलकाठ्या दिसत होत्या.

"उद्या भरतीला मचवा सुटेल," ती म्हणाली. "भाऊ, बहिणीला तुमचं नाव सांगेन." ती गाठोड्यासकट जिना उतरून गेली. मला छातीत हलकं हलकं वाटलं.

आता खाली ओळीएवढी जागा मोकळी राहिली. कोरी जागा मिंगेलबाबांना खपत नाही, कारण जागा हाच आमचा माल. अशा वेळी बसवायला एक ओळ कायमची जुळवून ठेवलेली असते, बारीक तिरक्या खिळ्यांची, दिसायला देखणी. तोकड्या जाहिरातींच्या तळाशी मी ती नेहमीच बसवतो. ती वेलबुट्टीसारखी जागा भरायची नक्षी आहे, अशी माझी समजूत. नेमकी मापाची निघाली. मी ती बसवली, दोरा आवळला आणि शुक्रवारी अंक यंत्रावर चढला. पहिल्या प्रती गावात गेल्या.

मिंगेलबाबांनी प्रत उघडली आणि ते थांबले.

"मालकाचा पत्ता काय झाला?"

"चुकून मोडला. त्या जागी नक्षी लावली."

"नक्षी?" त्यांनी पेला खाली ठेवला. "अरे, पत्ता नसला की ही ओळ लावतात. 'छापखान्यात चौकशी करावी.' विकायची माणसं, सापडलेली माणसं, सगळी मग आपल्याकडे येतात. आपण मालकांना कळवतो. जुनी रीत आहे."

मी खिडकीशी धावलो. मांडवीचा रस्ता वळत होता. डोलकाठ्या बाजूला सरकल्या, घरं मागे झाली, आणि रस्त्याचं टोक आमच्या जिन्याला येऊन लागलं. माझगावचा, भायखळ्याचा, डोंगरीचा, एकेक रस्ता येऊन त्याला मिळाला. मी दोरा सोडायला धावलो, पण खिळे यंत्रात होते आणि यंत्र चालू होतं. खोली आता एका कॉलमाएवढी उरली होती. भिंती दोन्ही खांद्यांना टेकत होत्या, आणि पुढे दार होतं.

दार वाजलं. मी ते उघडलं.

जिन्यात माणसांची रांग होती, खाली रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून दिसेल तिथवर. सभ्य माणसं होती. कुणाच्या काखेत वर्तमानपत्र, कुणाच्या हातात छत्री. प्रत्येकानं एकेका बाईला धरून आणलं होतं, आणि प्रत्येक बाई निळ्या लुगड्यात होती. सगळ्यांत पुढे मर्जान होती. तिच्या पायांना खारी, ओली वाळू लागली होती. ती तोंडावर हात धरून हसत होती.

"हीच ना?" तिला आणणाऱ्या गृहस्थानं विचारलं. "मचव्यात पाय टाकत होती."

"नाही," मी म्हणालो. निदान तसं म्हणायला मी तोंड उघडलं.

"धरा," असं म्हणून त्यानं तिचं मनगट माझ्या हातात दिलं.

मी हात मागे घेतला, पण मनगट हातातच आलं. माझी बोटं सोडवून पाहिली, एकही उघडेना. मर्जान माझ्या हाताकडे पाहत होती. तिच्या मनगटातली नाडी माझ्या अंगठ्याखाली जोरजोरात उडत होती.

"जरा सरकता का?" मागचा गृहस्थ अदबीनं म्हणाला. "आमची कुठे ठेवायची?"