आवाज बंद करून बघा

मोठ्या डॉक्टरांना स्वतःचा आवाज फार आवडायचा, त्यामुळे कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हे ठरवायला त्यांनी स्वतःचंच भाषण निवडलं, याचं कात्रीला काडीचंही नवल वाटलं नाही.

कात्री म्हणजे त्या दवाखान्यातले व्हिडिओ कापणारी-जोडणारी बाई. हे नाव तिला जाहिरातवाल्याने ठेवलं होतं. त्याने हौसेने काढून आणलेली, फुलपाखरं आणि सूर्यास्त भरलेली दृश्यं ती दयामाया न दाखवता उडवायची म्हणून. तोंडही तसंच चालतं, असं तो पाठीमागे म्हणायचा. तिला दोन्ही मान्य होतं.

दवाखाना गुडघ्यांचा. इथे ऑपरेशन व्हायचं, थोडे दिवस हाताला धरून व्यायाम करून घ्यायचे आणि मग पेशंटला व्हिडिओ देऊन घरी पाठवायचं: बघा आणि करा. व्हिडिओत एक गोड आवाजाची बाई सगळं समजावून सांगायची. पेशंट बहुतेक म्हातारे. म्हाताऱ्या माणसांना कमी ऐकू येतं, हा क्रांतिकारक शोध दवाखान्याला इतक्या वर्षांनी लागला आणि लगेच समिती बसली. बोलणं ऐकून पडद्याखाली आपोआप अक्षरं उमटवणारं एखादं चांगलं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं.

समितीत डॉक्टर, जाहिरातवाला, हिशेब बघणारी डॉक्टरांची मेहुणी आणि कामापुरती कात्री. मोठा पडदा लावला, खिडक्या बंद केल्या, आवाज टिपेला नेला. पडद्यावर डॉक्टर पेशंटांचं स्वागत करू लागले आणि समोर बसलेले डॉक्टर त्याच वेळी तेच शब्द पुटपुटू लागले.

पहिल्या सॉफ्टवेअरची अक्षरं रंगीत होती. एकेक शब्द टुणकन उडी मारून यायचा, मोठा व्हायचा आणि पळून जायचा.

"जिवंत वाटतं! एनर्जी आहे!" जाहिरातवाला खुर्चीतल्या खुर्चीत उसळला. या माणसाला तव्यावरचं पाणीही जिवंत वाटलं असतं.

"आणि हा निळा आपल्या पाटीशी जुळतोय," मेहुणीबाईंनी अकलेचे तारे तोडले.

तिसरं सॉफ्टवेअर लागलं तेव्हा सगळ्यांनीच नाकं मुरडली. काळी पट्टी, पांढरी अक्षरं, दोन ओळी. आल्या की मुक्काम ठोकून बसायच्या. शिवाय डॉक्टरांचे "अं", "म्हणजे बघा", "काय आहे ना" हे सगळे अलंकार त्याने सरळ गाळून टाकले होते.

"अगदीच सुतकी आहे हे," डॉक्टर दुखावून म्हणाले. "आणि माझी वाक्यं तोडतंय."

या एका बाबतीत कात्री त्यांच्या बाजूची होती. शब्द गाळतं ते सॉफ्टवेअर कसलं? तिची पसंती मधल्या, दुसऱ्या नंबरच्या सॉफ्टवेअरला होती. आठवडाभर कानाला हेडफोन लावून तिने त्याचा शब्दन्‌शब्द तपासला होता. एकही चूक नाही, एकही शब्द गाळलेला नाही. तिने त्याचं नाव शहाणं ठेवलं होतं. पण समितीचा डोळा त्या नाचऱ्यावर, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मग तिने हुकमाचा पत्ता काढला.

"माझे वडील तुमचेच पेशंट आहेत. त्यांना ऐकू येत नाही. ही अक्षरं ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच विचारा ना!"

डॉक्टरांना नाही म्हणता येईना.

बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं होतं. यंत्रांच्या खडखडाटात कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ते टेबलाच्या खणात पडून असायचं. डोळे मात्र अजून तीक्ष्ण. गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, पण गुडघा हवा तसा वाकत नव्हता. पुढच्या तपासणीपर्यंत वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडची चव गेली होती. कात्री रोज संध्याकाळी विचारायची, "व्यायाम केलात?" बाबा मान डोलवायचे.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत आले. चौघांनी त्यांना मधोमध बसवलं. नाचरं लावलं. अक्षरं उड्या मारून गेली.

"काय काका, कसं वाटलं?" डॉक्टर ओरडले.

"छान!" बाबा हसून म्हणाले. "फार छान!"

शहाणं लावलं. "छान!" सुतकी लावलं. "हेही छान!"

"बघा, काकांना सगळंच आवडलं. मग पहिलंच घेऊन टाकू," डॉक्टर म्हणाले. "उद्या सही करतो." जाहिरातवाल्याने टाळी वाजवली. कात्री तोंडघशी पडली, तेही स्वतःच्या बापाच्या हातून.

घरी आल्या आल्या तिचा स्फोट झाला. बाबांकडे पाठ करून, नळाखाली भांडं धरून ती तडतडत होती. "एवढं बोलवून नेलं मी तुम्हाला! त्या माकडउड्या छान? काय म्हणून छान? नाक कापलंत माझं त्या दीडशहाण्यांपुढे!"

"हो, हो," मागून बाबा म्हणाले.

कात्रीने नळ बंद केला. वळली. "काय हो? काय म्हणाले मी आत्ता?"

बाबा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळे माझ्याकडेच बघत होते गं. मी एकदा 'काय?' म्हटलं की माणसं परत सांगतात. दुसऱ्यांदा म्हटलं की वैतागतात. तिसऱ्यांदा 'जाऊ दे' म्हणतात. त्यापेक्षा मान डोलवलेली बरी, सगळे खूश." त्यांनी मान वर केली. "तूही म्हणतेस जाऊ दे."

म्हणायची ती. रोज म्हणायची. जेवताना, चपला घालताना, फोनवर बोलता बोलता हात झटकून. तिला स्वतःची शिसारी आली.

"व्यायाम कसा करता ते दाखवा," तिने त्यांच्या समोर बसून सांगितलं.

बाबा पलंगावर आडवे झाले. टाच सर्रकन मागे ओढली आणि सर्रकन सोडून दिली. झालं. ओढल्यावर दुखेपर्यंत धरून ठेवायचं, श्वास सोडायचा, मग आणखी थोडं ओढायचं, हे सगळं ती गोड बाई फक्त तोंडाने सांगत होती. बाबांनी चित्र बघून जमेल तसं केलं होतं. इतके दिवस. आणि मान डोलवली होती.

कात्रीने लॅपटॉप आणला. शहाणं लावलं आणि पहिल्यांदाच आवाज बंद केला. मग स्वतः जमिनीवर आडवी झाली. अक्षरांची फौजच्या फौज धावत आली. अं आला, म्हणजे आला, तर आता आपण काय करणार आहोत आलं, आणि ती वाचून नजर वर नेते तोवर पडद्यावरचा पाय खाली आलेला. तिने पुन्हा लावलं. पाय बघितला तर अक्षरं पळाली, अक्षरं बघितली तर पाय. शब्द एकही चुकलेला नव्हता आणि तिला डोंबल कळलं नव्हतं!

"मूर्ख," ती म्हणाली. हा शब्द आजवर तिने डॉक्टरांसाठी, जाहिरातवाल्यासाठी आणि मेहुणीबाईंसाठी राखून ठेवला होता. तेही कान उघडे ठेवून अक्षरं निवडत होते आणि तीही, फक्त तिचा हेडफोन भारी होता.

"हे कळलं तुम्हाला?" तिने बाबांकडे तोंड करून विचारलं.

बाबांची मान सवयीने हलायला लागली होती. ती थांबली. "नाही," ते म्हणाले. मग त्यांना त्या शब्दाची चव लागली बहुतेक. "नाही कळलं. अजिबात नाही."

तिने सुतकी लावलं. टाच मागे ओढा. धरून ठेवा. दोन ओळी ठाण मांडून बसल्या. बाबांनी वाचलं, पाय बघितला, पुन्हा वाचलं. ओळी तिथेच. त्यांनी टाच ओढली आणि धरून ठेवली. चेहरा वाकडा झाला, घाम फुटला, पण धरून ठेवली. मग पडद्याने सोडा म्हटल्यावर सोडली.

सहीच्या दिवशी ती बाबांना घेऊन व्यायामाच्या खोलीत शिरली आणि समितीलाही तिथेच बोलावलं. "सही करण्याआधी फक्त एक व्यायाम. तुमच्याच दवाखान्याचा. कोट काढा आणि आडवे व्हा."

मेहुणीबाईंनी साडीची सबब सांगून सुटका करून घेतली. उरलेले दोघे गादीवर पसरले. कात्रीने नाचरं लावलं आणि आवाज बंद केला.

निळी अक्षरं टुणटुण उडू लागली. जाहिरातवाल्याने आधी उजवा पाय उचलला, मग डावा, मग घाबरून दोन्ही. डॉक्टरांनी मान वेळावून शेजाऱ्याची नक्कल करायचा प्रयत्न केला, म्हणजे कोणाची, तर जाहिरातवाल्याची! स्वतःच्या दवाखान्याचा व्हिडिओ त्या गृहस्थांनी आयुष्यात पाहिला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"अगं, आवाज लाव ना जरा!" डॉक्टर शेवटी खेकसले. "असं काय कळणार डोंबलाचं?"

"काकांनाही तेच वाटतं," कात्री म्हणाली.

डॉक्टर उठले, शर्ट झटकला, सहीचा कागद हातात घेतला आणि त्यातच डोकं घालून म्हणाले, "पण काका, तुम्हीच तर छान म्हणालात."

"काय?" बाबा म्हणाले.

डॉक्टर कागदाशीच पुन्हा बोलले.

"काय?"

"जाऊ दे हो."

"जाऊ दे नाही," कात्री म्हणाली. "परत सांगा. त्यांच्याकडे तोंड करून सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. पण शेवटी ते बाबांसमोर जाऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून तेच वाक्य परत म्हणाले. बाबांनी त्यांच्या ओठांवरून ते वाचून घेतलं. चौघेही त्यांच्याकडे बघत होते. बाबांची मान हलली नाही.

"छान नव्हतं," ते म्हणाले. "मला काहीच कळलं नव्हतं. ती काळी पट्टीवाली अक्षरं घ्या."

मग त्यांनी काठी लेकीच्या हातात दिली, गादीवर आडवे झाले आणि टाच मागे ओढून धरून ठेवली. गुडघा पुरता वाकला नव्हता, पण काल होता त्याहून जास्त वाकला होता, आणि डॉक्टरांना तो बघायला खाली वाकावं लागलं.