घासभर नान

कानातले काढून मुनिसाने ते नर्सच्या तळहातावर ठेवले, तशी सालोमतखालाच्या कपाळावर आठी चढली. सासू इथे खांबासारखी उभी, आणि सोनं परक्या बाईच्या हातात! चार वर्षं झाली या सुनेला घरात येऊन, पण हिच्या पोटातलं ओठावर म्हणून येत नाही. ताप आला तरी शेजारणीकडून कळायचं. विचारायला जावं तर मान खाली. गूळ द्या, विष द्या, 'हो आई'.

"मी काय मेले होते?"

"नर्सताईंनी मागितले, आई."

"मागितले! उद्या नाक मागतील."

नर्स हसली आणि पुढच्या कामाला लागली. नखांचा रंग पुसला, वेणी टोपीत कोंबली, हातात सुई खोचून नळी जोडली. पहिल्या बाळंतपणाला ऐनवेळी पोट फाडावं लागलं होतं. या खेपेला मार्गिलान शहरातल्या या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी दिवस आणि वेळ आधीच ठरवून दिली होती, सकाळी नऊची. खालाचा मुलगा रशियात इमारतींवर सिमेंट चढवत होता, म्हणून पिशव्यांसकट सगळं खालाच्या गळ्यात.

भूल देणारा डॉक्टर आला. कमरेत सुई टोचू, खालचं अंग बधिर होईल, ओढल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, बाळाचं रडणं जागेपणी ऐकशील, असं त्याने समजावलं. मग कागदावर पेन टेकवलं.

"रात्री बारानंतर काही खाल्लं-प्यायलं?"

मुनिसाने सासूकडे पाहिलं. पापणी लवेल इतकंच.

"नाही."

"नक्की? कधी कधी सुईने भागत नाही, पूर्ण झोपवावं लागतं. तेव्हा पोटातलं अन्न उलटून छातीत गेलं, तर माणूस हाती लागत नाही."

"नाही खाल्लं."

खालाच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. पहाटे उंबऱ्यावर तिनेच तंदूरचा नान सुनेच्या तोंडाशी धरला होता. घर सोडून जाणाऱ्याने नान चावून जायचं, उरलेला खुंटीला टांगायचा. ज्याचा नान घरी वाट बघतो, तो परत येतो. मुनिसा एवढंच म्हणाली होती, "आई, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर काय अल्लाहून मोठा?"

नुसता दात लावलेला खालाला चालला नाही. नीट घास घ्यायला लावला. तो घशात अडकला, म्हणून वर मलई घातलेला चहा पाजला. खालाची बहीण अशीच बाळंत व्हायला गेली होती. घाईत नान राहिला, आणि ती आलीच नाही.

चाकांची खाट निघाली, ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून आत गेली. बाहेरच्या बाकावर मोहल्ल्यातल्या दोघी बसल्या होत्या. लग्नात कोणाला कुठे बसवायचं हे खालाला विचारून ठरवणाऱ्या. त्यांनी दुवेसाठी हात उचलले. खालानेही उचलले, आणि अर्ध्यावरूनच खाली घेतले.

दारावर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ते लावून वाचत बसायला वेळ नव्हता. खालाने खांद्याने दार ढकललं.

"थांबा! खाल्लंय तिनं!"

"खाला, बाहेर व्हा आधी!"

"होते. पण ऐका. नान खाल्लाय, मलईचा चहा प्यायलीय, पहाटेच्या बांगेला. मी चारलाय. पोरगी खोटं बोलली ती माझ्यापायी."

डॉक्टरने सुई ताटलीत परत ठेवली आणि घड्याळ पाहिलं. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं.

"दुपारी दीड वाजता घेऊ. तोवर पाण्याचा थेंबही नाही. कळ आली तर क्षणभर थांबायचं नाही, हाक मारायची."

नर्सने मात्र बाकावरच्या दोघींना ऐकू जाईल असा आवाज लावला.

"आम्ही एवढं शिकलो, आणि शेवटी यांचा नानच शहाणा!"

एरवी खालाने तिच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. आज ती खाटेची कड धरून चालत राहिली.

खोलीत दोघीच उरल्या. चादरीखाली मुनिसाचं पोट एका बाजूने उचललं गेलं, सावकाश बसलं. दोघींनी ते पाहिलं.

"कळ आहे?"

"नाही. लाथ मारतोय." मुनिसा छताकडे बघत होती. "आत नेलं तेव्हा मला वाटलं, आता परत यायची नाही मी."

"आणि तरी गप्प राहिलीस?"

"त्या बायकांसमोर तुमची मान खाली गेली असती."

खाला उठली. तिने आपली शाल सुनेच्या पायांवर पसरली.

"नको," मुनिसा म्हणाली. "उकडतंय."

म्हटल्यावर ती स्वतःच दचकली. खालाने शाल उचलली, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिची घडी केली आणि मांडीवर ठेवली.

"वेडी आहेस तू, मुनिसा. हे 'नको' पहाटे म्हणाली असतीस, तर मी चार दिवस तोंड फिरवून बसले असते. चारच दिवस. पाचव्या दिवशी मीच बोलले असते."